कातडीचा आवाज

मंगळवारी आणि शनिवारी दुपारपासूनच केतकीचं कशात लक्ष लागायचं नाही. हातातलं कापड तसंच टाकून ती गिरणीच्या बाथरूममध्ये जाई, आतून कडी लावी, मानेवरचे केस वर धरून तिथे टपाल तिकिटाएवढी एक पट्टी चिकटवी. पट्टी तासभर ठेवायची, मग काढून पुडीत गुंडाळून पर्सच्या तळाशी टाकायची. एवढं केलं की सकाळपर्यंत काळजी नाही. यशोधनने केसांतून हात फिरवला, पाठीवरून बोटं फिरवली, तरी किंचाळावंसं वाटत नसे. खरं तर काहीच वाटत नसे.

लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि नवऱ्याला या पट्टीचा पत्ता नव्हता.

केतकी मगदूमच्या कातडीची तक्रार जन्मापासूनची. फ्रॉकची लेस टोचायची, पंख्याचा वारा टोचायचा, कुणी कौतुकाने गालावरून हात फिरवला तर ती आकांत मांडायची. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात हे कळल्यावर तिला हसू आलं होतं. स्वतःत मग्न व्हायला सवड होती कुणाला? ती कॉलरमध्ये मग्न होती, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यात मग्न होती, शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या पावडरीच्या वासात मग्न होती.

पुढे याच कातडीने तिला पोटापाण्याला लावलं. इचलकरंजीच्या गिरण्यांमध्ये आता माग माणसांशिवाय चालत होते, कापडातला तुटका धागा कॅमेरा शोधत होता. पण तान्ह्या बाळांना गुंडाळायचं कापड अंगाला कसं लागतं, हे कॅमेऱ्याला सांगता येईना. ते काम केतकीचं. ती प्रत्येक ताग्यातला तुकडा दंडावरून, गालावरून फिरवी आणि हो किंवा नाही म्हणे. जे हिला टोचलं नाही ते जगात कुणालाच टोचणार नाही, असं मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. आणि एखादं धुतलेलं मलमल असं लागे की केतकी डोळे मिटून उभी राही. हे सुख तिने कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं.

यशोधन चौगुले तिला भेटला सांगलीच्या एका वधू-वर मेळाव्यात. मेळावा ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांचा, त्यामुळे सनई नव्हती, अत्तर नव्हतं, टाळ्यांऐवजी सगळ्यांनी नुसते हात हलवायचे होते. दोन्हीकडचे नातेवाईक मात्र नेहमीसारखेच बोलत होते, त्याला संयोजकांचा इलाज नव्हता. यशोधन सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी कोल्हापूरला फौंड्रीत आहे. लोखंड साच्यात कसं थंड होतं त्यावर मला बोलायला आवडतं. किती वेळ बोलू?"

"वीस मिनिटं," केतकी म्हणाली. "मग मी सुतावर बोलेन."

इतका सोपा माणूस तिला आयुष्यात भेटला नव्हता. त्याच्या मनगटांवर भाजल्याचे बारीक डाग होते आणि तो ते लपवत नव्हता. ती घरी गेली ती हे लग्न करायचं ठरवूनच.

घोळ झाला तो नंतरच्या शिबिरात. लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी संयोजकांनी दोन दिवसांचं सहजीवन शिबिर ठेवलं होतं आणि शिकवायला वर्तकबाई होत्या. बाई मनाने चांगल्या, पण त्यांनी शिकवलं ते स्वतःच्या संसारातलं. प्रेम हळुवार स्पर्शात असतं म्हणाल्या. केसांतून बोटं फिरवा, पाठीवर फुलासारखा हात ठेवा, जोडीदाराने जसा स्पर्श केला तसाच परत करा, आणि आवडलं की ते चेहऱ्यावर दिसू द्या. आठवड्यातून दोनदा तरी एकमेकांसाठी वेळ काढा. मंगळवार-शनिवार म्हणा, हवं तर.

बाकीची जोडपी हसली आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरली. या दोघांनी घरी जाऊन मंगळवार आणि शनिवार फोनच्या कॅलेंडरमध्ये घातले.

अशा मुलांना त्यातलं काही कळत नसतं, असं केतकीच्या मावश्या तिच्यासमोरच बोलायच्या. केतकीला कळत होतं. चांगलंच कळत होतं. गॅसचा सिलिंडर उचलणाऱ्या यशोधनच्या दंडाकडे बघून तिला काय व्हायचं ते मावश्यांना सांगितलं असतं तर त्यांची बोबडी वळली असती. तिला त्याचं वजन हवं होतं. लहानपणी लग्नघरात रचून ठेवलेल्या गाद्यांच्या मधे ती शिरायची आणि वरून सगळ्यांचा भार आला की तिला पहिल्यांदा आपलं अंग आपलं वाटायचं. तसं, पण या माणसाचं, त्याच्या उबेसकट. मात्र हे शिबिरात नव्हतं. जे शिबिरात नाही ते मागायचं कसं, आणि मागितलं तर तो काय म्हणेल? म्हणून तिने पट्टी आणली.

पट्टी देणाऱ्या मिरजेच्या डॉक्टर समीना मुजावर. पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या होत्या.

"कातडीपासून मेंदूपर्यंत स्पर्शाच्या दोन वाटा असतात," त्या म्हणाल्या होत्या. "एक वेगाची. कुठे हात लागला, किती जोरात लागला, हे ती सांगते. दाब, वजन, सगळं तिच्यावरून जातं. दुसरी वाट संथ. कुणी हळूच कुरवाळलं की तीच जागी होते, आणि ती फक्त एवढंच सांगते की हे सुखाचं आहे की नकोसं. तुमच्या बाबतीत ही संथ वाट सतत ओरडते. पट्टीतून अल्ट्रासाउंडच्या बारीक लहरी मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींवर जातात आणि तो आवाज खाली येतो. रेडिओचं बटण समजा. कुणाला कमी करावं लागतं, कुणाला वाढवावं लागतं."

"वेगाची वाट शाबूत राहते?"

"राहायला हवी. थोडी बधिर होते ती पण. शेजारीशेजारी आहेत ना दोघी."

त्यामुळे मंगळवारी आणि शनिवारी जे व्हायचं ते केतकीला दुरून दिसायचं. यशोधनची बोटं फिरायची, तीही शिकवल्याप्रमाणे बोटं फिरवायची, चेहऱ्यावर आवडल्याचं दाखवायची. त्याचं वजन अंगावर यायचं तेही जाड रजईच्या पलीकडून आल्यासारखं. दोघं नीट वागायची. कुणी कुणाला दुखवत नव्हतं. सगळं उरकल्यावर केतकीला उगाच रडू यायचं आणि कारण सापडायचं नाही.

मग गेल्या काही आठवड्यांत सगळंच हाताबाहेर जायला लागलं. आधी मानेवर पुरळ उठलं. त्यानंतर एका बुधवारी तिने नव्या ताग्यातलं मलमल दंडावरून फिरवलं आणि तिला ते लागलंच नाही. टोचलं नाही, सुखावलं नाही, नुसतं होतं. तिने तो तागा बाजूला ठेवायला सांगितला आणि तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिली. आदल्या दिवशीच्या पट्टीचा असर अजून उतरला नव्हता.

डॉक्टरांनी मान तपासली आणि पट्टी बंद करायला सांगितली.

"आता एक इंजेक्शन निघालंय. संथ वाटेचे तंतू कायमचे शांत होतात. एकदाच घ्यायचं."

"आणि नंतर नको वाटलं तर?"

"परतीचा रस्ता नाही, केतकी. म्हणून मी कुणाला घाई करत नाही. सोमवारी अकराची वेळ ठेवते. तोवर घरी बोला."

ती घरी बोलली नाही. घरीच काहीतरी बिनसलं होतं. मंगळवारी यशोधनने पाच मिनिटांत आवरतं घेतलं. शनिवारी तिने शेवटची पट्टी पुरळाच्या कडेला लावून घेतली, तर तो डोकं दुखतंय म्हणून बाहेरच्या खोलीत चटईवर जाऊन झोपला. केतकीला आधी हायसं वाटलं, मग धस्स झालं. याला मी नकोशी झाले का? माझा चेहरा चुकला का? ती पलंगावर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत राहिली.

रविवारी ती जयसिंगपूरला आईकडे गेली. मालनताई मगदूम एकट्याच राहत, आणि लेक येणार म्हटल्यावर सकाळपासून गॅसपाशी असत. पट्टीचं आणि इंजेक्शनचं ऐकल्यावर त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"मग घे की. इचार कसला करतीयास?"

"कायमचं आहे, आई."

"बरंच की मग ते. मावशीच्या नातवाच्या बारशात तुला जवळ घेतली, तर तू हुबी ऱ्हायलीस. गप हुबी ऱ्हायलीस माझ्या गळ्यात." त्यांनी पदराला हात पुसले. "चौतीस वर्सं झाली गं. पोटची पोर, आणि हात लावायची चोरी. त्या दिवशी घरी येऊन देवाला साखर ठिवली मी. माझ्यासाठी तरी घे."

ते बारसं शनिवारी संध्याकाळी होतं, पट्टी लावल्यानंतर. केतकीला ते आठवत होतं, पण आईचे हात आठवत नव्हते. परतीच्या बसमध्ये तिने जवळजवळ ठरवून टाकलं. नवरा सुखी, आई सुखी. राहता राहिलं मलमल, तर त्याला पर्याय निघेल. गिरणीला दुसरं कुणी सापडेल. एवढं ठरवूनही ती मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरून बसली होती.

घराचं दार लोटलेलंच होतं. आत उकाडा, आणि पंखा बंद. यशोधन उघड्या अंगाने खोलीच्या मधोमध जमिनीवर बसला होता, आजूबाजूला त्याच्या सगळ्या शर्टांचा ढीग. हातात नखं कापायची कात्री. तो कॉलरमागचं लेबल कापत होता, आणि दोन शर्टांना आधीच भोकं पडली होती.

केतकी दारातच थांबली. हे दृश्य तिला पाठ होतं. फक्त त्यात नेहमी ती स्वतः असायची.

"तसं कापू नकोस," ती म्हणाली. "टाके आत राहतात, ते जास्त टोचतात. उसवायचं." तिने चपला काढल्या, समोर बसली, त्याच्या हातातला शर्ट घेऊन टाके उसवायला लागली. मग मान वर न करता विचारलं, "कधीपासून?"

"सोमवारपासून. मागच्या." यशोधन जमिनीकडे बघत होता. "मी इंजेक्शन घेतलं, कोल्हापूरला. तुला सांगायला हवं होतं."

"कसलं इंजेक्शन?"

"मला हलकं काही कळायचंच नाही, केतकी. जन्मापासून. तापलेल्या साच्याला हात लागला तरी डाग दिसल्यावर कळायचं. तू पाठीवरून बोटं फिरवायचीस, ती मला लागायची नाहीत. बाई म्हणाल्या होत्या, आवडलेलं दिसलं पाहिजे. मला ते खोटं दाखवायचं नव्हतं. म्हणून पट्टी लावायचो. आवाज वाढवायची. मग तेच कायमचं करणारं इंजेक्शन निघालं."

"मंगळवारी आणि शनिवारी."

"हो."

"कुठे लावायचास?"

"गाडीत. पार्किंगमध्ये."

केतकीला हसू फुटलं. चुकीच्या वेळी फुटलं हे तिला कळत होतं, पण थांबेना. मग तिने पर्स उलटी केली. वापरलेल्या पुड्या जमिनीवर पडल्या. यशोधनने एक उचलली, तिच्यावरचे बारीक शब्द वाचले, परत वाचले.

"ही कमी करायची आहे."

"हो."

तो पुडी उलटसुलट करत राहिला. त्याचा विचार एकेक पायरी चढत जायचा, मधली पायरी तो कधी गाळत नसे, आणि केतकीने त्याला वेळ दिला.

"मला आता असं होतंय," तो म्हणाला, "की शर्ट अंगात घातला की अंगावर मुंग्या सोडल्यासारखं वाटतं. पंखा सहन होत नाही. काल उशीला गाल लागला तर ओरडावंसं वाटलं. डॉक्टर म्हणतात, डोस अंगाला जास्त लागला, सवय होईल, काढून घेता येणार नाही. तुला हे असंच होतं?"

"असंच."

"कायम?"

"कायम."

"आणि मी वर्षभर तुझ्या पाठीवरून..." तो रडायला लागला, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळलं तेही त्याला सहन होईना. केतकीने स्वच्छ टॉवेल घट्ट गुंडाळून त्याच्या गालावर दाबून धरला. पुसायचं नाही, दाबायचं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलेलं होतं.

तिला राग आला होता. त्याचा, स्वतःचा, वर्तकबाईंचा. दोन धडधाकट माणसं, एकाच घरात, एकमेकांना आवडावं म्हणून चोरून स्वतःचं अंग बदलत बसली होती, आणि कुणाला एकदाही सुचलं नाही की समोरच्याला विचारावं, तुला काय हवंय.

"मला काय हवं होतं ते सांगू?" ती म्हणाली. तिचे कान तापले. "तुझी बोटं नको होती. तू हवा होतास. तुझं वजन."

"वजन?" यशोधनने टॉवेलमधून मान वर केली. "माझं ब्याऐंशी किलो आहे."

"सगळं हवं होतं."

तो विचारात पडला. "मला आधी तेवढंच कळायचं," तो हळूच म्हणाला. "दाब. तू झोपेत कधी कधी पाय टाकायचीस माझ्यावर, पूर्ण भार देऊन. ते मला मंगळवार-शनिवारपेक्षा जास्त आवडायचं. मी हलायचो नाही, तू पाय काढशील म्हणून."

"आणि आता?"

"आता माहीत नाही. आता माझंच अंग मला माहीत नाही."

"मग बघू या."

कालच्या पट्टीचा असर तिच्या अंगातून उतरला होता. त्यांनी चादर काढून टाकली, कारण ती दोघांनाही टोचत होती. केतकी उघड्या गादीवर पडली आणि यशोधनने अंगातला भार हळूहळू तिच्यावर सोडला, आधी अर्धा, मग ती अजून म्हणाली तसा सगळा. त्याच्या बरगड्या तिला लागल्या, त्याच्या छातीतले ठोके लागले, त्याचा घाम लागला. रजई नव्हती मधे. लग्नाला वर्ष होत आलं आणि ती आज पहिल्यांदा तिथे हजर होती. त्याचा श्वास तिच्या कानाला लागला आणि अंगावर शहारा आला.

"तोंड तिकडे कर," ती म्हणाली. त्याने केलं.

"तुझे केस माझ्या खांद्यावर येतायत," तो म्हणाला. तिने ते मुठीत गोळा करून बाजूला घेतले.

मग दोघं एकमेकांना सांगतच राहिली. इथे नको, इथे दाब, हात उचल, हलवू नको, आता हलव. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर पलंग हलवतायत म्हणालं असतं. केतकीला मधेच लक्षात आलं की वर्षभरात तिने नको हा शब्द उच्चारलाच नव्हता. पट्टीमुळे नको म्हणायची वेळच येत नसे, आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याला हवं तरी काय म्हणता येणार? आज तिने दोन्ही म्हटलं, आणि काहीही लपवलं नाही. तिच्या अंगाला काय काय कळतं हे तिचं तिलाच नवं होतं, आणि ती जोरात हसली.

सोमवारी सकाळी यशोधन शर्ट उलटा घालून, टाके बाहेर ठेवून, स्वयंपाकघरात उभा होता. तो रात्रभर तळमळला होता, आणि त्याचं मन पक्कं झालं होतं.

"तू जा," तो म्हणाला. "अकराची वेळ आहे ना? जा आणि घे."

"कालच्यानंतर?"

"कालच्यानंतरच. मला एक आठवडा झाला, केतकी, आणि मी वेडा होईन असं वाटतंय. मला परत जाता येत नाही. तुला सुटता येतं. निदान एकाने तरी सुटावं."

तो चिडला होता, आणि ते प्रेमापोटी होतं, हे तिला कळत होतं. म्हणून ती गॅस बंद करून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला या कातडीत आठवडा झालाय. तुला फक्त टोचणं कळलंय," ती म्हणाली. "मी जन्मभर इथेच राहतेय. इथे दुसरंही असतं. ते यायला वेळ लागतो. मी दाखवेन तुला. पण माझा आवाज बंद केला तर मलाच ऐकू येणार नाही, मग तुला काय दाखवू?"

"आणि नाही आलं ते दुसरं मला?"

"माहीत नाही," केतकी म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमत नसे. यशोधनने मान हलवली आणि कॉलर धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतली भीती काही गेली नाही.

तिने दवाखान्याला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. तेवढं सोपं होतं. मग तिने आईला फोन लावला, आणि आईने हॅलो म्हणायच्या आधी विचारलं, "निघालीस काय?"

"नाही. मी घेत नाही, आई."

मालनताई म्हणाल्या, "म्हंजे परत आपलं पैल्यासारखंच."

"आई, तुला एक सांगायचंय. बारशात तू मला जवळ घेतलंस ना, ते मला कळलंच नव्हतं. मी पट्टीने बधिर होते. तू धरलंस ती मी नव्हते."

बोलून गेल्यावर केतकीला वाटलं, हे सांगायला नको होतं. पण खरं होतं ते, आणि त्याच्याशिवाय पुढचं बोलताच आलं नसतं.

"तुला मला धरायचंय ना? मग कुरवाळू नकोस. हात फिरवू नकोस. दोन्ही हातांनी करकचून धर. अगदी श्वास कोंडेल एवढं. ते मला चालतं. मला आवडतं ते. मी कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही, आणि सांगायचं असतं हे मला काल कळलं."

"आणि तुला नगं झालं तर?"

"तर मी नको म्हणेन. तू लगेच सोडायचंस."

"आणि नगं म्हणलीच न्हाईस तर?"

"तर धरून ठेव."

फोनवर भांडं आपटल्याचा, गॅस बंद केल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज आला.

"केतके," मालनताई म्हणाल्या, "आत्ताची एसटी घावंल काय गं?"